मैंदर्गीच्या स्थळाची चौकशी

सोलापूर
दि. ६ नोव्हेंबर २०२५

चि. शरणप्पा यास,

शरणु शरणार्थी. तू, पोरंबाळं, दुकान, सगळं खुशाल असेल. इकडं आमचं बरं चाललंय. तुझ्या अक्काचा डावा गुडघा थंडी पडायच्या आधीच धरायला लागलाय, पण तोंड शाबूत आहे, त्यामुळं काळजीचं कारण नाही. दिवाळीत चादरी बऱ्या गेल्या, टॉवेल पडून राहिले. काव्या कॉलेजात शिकवायला जाते-येते.

पत्र बघून हसशील. फोन का नाही केला? तर गिऱ्हाईक समोर असलं की तू फोन स्पीकरवर टाकतोस नि नारळ निवडत बोलतोस. मागल्या वेळी माझ्या मूळव्याधीची हकीकत तुझ्या दुकानासमोरच्या मठात आलेल्या भक्तांनी उभ्या उभ्या ऐकली. एकानं तर औषध पण सांगितलं. आताचं प्रकरण तसलं नाही, म्हणून कागद. वाचून फाडून टाक.

काव्यासाठी तू आणलेलं मैंदर्गीचं स्थळ. मुलगा विरेश, वय एकतीस. वडील नाहीत, आई पार्वतम्मा. कोरडवाहू जमीन, भुसार मालाचं छोटं दुकान. इथपर्यंत मला समजलं. पुढं बायोडाटात तू लिहिलंस, "हैदराबादेत जीनोमिक्सचा संशोधक, एकवीस शोधनिबंध, नऊशेच्या वर सायटेशन." अरे बाबा, हे काय आहे? शेती किती, घर कसलं, हे बघायला मी एसटीनं जाऊन येईन. सायटेशन बघायला कुठल्या गावाला जाऊ?

काव्याला विचारलं. ती म्हणाली, बियाच्या आत त्या पिकाची सगळी माहिती अक्षरांसारखी ओळीनं लिहिलेली असते, तो जीनोम. मुलगा ज्वारीचा जीनोम वाचतो. पाऊस नसताना मालदांडी वाणाचं पान हिरवं का राहतं, ते त्याला शोधायचंय. जे सापडेल त्यावर निबंध छापतो. मग जगातला दुसरा कुणी आपल्या निबंधात "हे अमक्यानं दाखवलंय" असा दाखला देतो, तेव्हा त्याचं एक सायटेशन होतं. भाकरी थापता थापता तिनं हे एका दमात सांगितलं. मध्ये कुठं अडखळली नाही. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. पोरगी स्वतः एम.एस्सी. आहे, हाच विषय शिकवते, हे मला ठाऊक आहे. तरी इतकं तयार उत्तर?

तुला आमच्या चाटी गल्लीतल्या कापडबाजाराची रीत माहीत आहे. नवी पार्टी माल मागायला आली की ती दोन नावं सांगते, यांना विचारा म्हणून. त्या दोघांना विचारायचंच नाही. ते चांगलंच सांगणार की. जे नाव तिनं घेतलं नाही, त्याला गाठायचं. आणि खुद्द पार्टीला तर कधीच विचारायचं नाही, कारण बोलबच्चन माणसासमोर आपणच भुलतो. चाळीस वर्षं मी याच रीतीनं धंदा केला आणि माझा माल बुडाला नाही. तेव्हा या मुलाची चौकशी मी माझ्या पद्धतीनं करणार. तू मध्ये पडू नकोस.

याआधीची पाच स्थळं मी उगाच मोडली, असं तुझी अक्का येता-जाता ऐकवते. उगाच? पुण्याचा तो इंजिनियर बायोडाटात मॅनेजर होता नि कंपनीत गेलो तर हाताखाली एक माणूस नव्हता. कलबुर्गीच्या डॉक्टरांची पाटी मोठी, आत पेशंट नाही. बाकीच्यांचं लिहीत बसत नाही. खोट होती म्हणून सापडली.

मैंदर्गीकरांना महिनाअखेर उत्तर द्यायचंय म्हणतोस. देऊ. काव्या सत्तावीसची झाली, एकदा दिली की दिली. मला खात्री पाहिजे.

तुझा दाजी,
शिवलिंगप्पा

ता. क. बायोडाटातला तो आकडा तुला कुणी दिला, ते मला कळव. मुलानं, का आईनं?

*

सोलापूर
दि. १७ नोव्हेंबर २०२५

शरणप्पा यास,

शरणु. माझ्या पत्राचं उत्तर तू दिलं नाहीस, फक्त "दाजी, मुलगा लई चांगला आहे" असा मोबाईलवर मेसेज टाकलास. आकड्याबद्दल एक अक्षर नाही. बरं. मीच शोधून काढलं.

शहाजीसर आपले जुने गिऱ्हाईक. वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक होते, आता रिटायर आहेत, लेकीच्या सासरी पाठवायला दरवर्षी माझ्याकडूनच चादरी नेतात. परवा आले. त्यांना चहा पाजला नि विचारलं, सर, एखाद्या संशोधकाची पत कुठं बघायची? सरांनी मोबाईल काढला. तिथं प्रत्येकाचं पान असतं म्हणे. नाव, निबंध, आणि दरवर्षी किती दाखले मिळाले त्याच्या उभ्या काड्या. विरेशचं पान निघालं. खाली आकडा काय? चारशे बारा.

नऊशे कुठं नि चारशे बारा कुठं! सर म्हणाले, वेगवेगळ्या ठिकाणी मोजदाद थोडी वेगळी असते. थोडी! अर्ध्याहून जास्त माल वाटेत गळाला, याला थोडी म्हणायचं?

मग मी विचारलं, हे दाखले देणारे कोण? सरांनी नावं वाचली. इथियोपिया, ऑस्ट्रेलिया, माली. मी म्हटलं, इथियोपियातल्या माणसाला आमच्या मैंदर्गीचा मुलगा कसा काय ठाऊक? सर म्हणाले, तिकडंही ज्वारीच खातात की. असेल. पण त्यांनीच पुढं सांगितलं, या धंद्यात काही टोळ्या असतात. तू माझा दाखला दे, मी तुझा देतो, असं आपापसात चालतं. म्हणजे लग्नातला आहेर झाला! त्यांनी भांडं दिलं, आपण भांडं द्यायचं, आणि घरात नुसती भांडीच भांडी. सर हसले. म्हणाले, या मुलाचं तसं दिसत नाही. "दिसत नाही" म्हणाले, शरणप्पा. "नाही" म्हणाले नाहीत.

आता खरं ऐक. बोटानं खाली सरकवता सरकवता सर थांबले. म्हणाले, याचा सगळ्यात गाजलेला निबंध या पानावर दिसत नाही, याच्यावर तर मोठी बातमी आली होती. त्यांनी तो दुसरीकडून शोधून काढला. वर तांबडी पट्टी, आणि इंग्रजीत एक शब्द. सरांचा चेहरा उतरला. "रिट्रॅक्टेड," म्हणाले. म्हणजे छापलेला निबंध मागे घेतलेला. मी विचारलं, असं कधी होतं? सर म्हणाले, बऱ्याचदा काहीतरी बनवाबनवी निघते तेव्हा. पण खाली कारण दिलंय, माझा वाचायचा चष्मा घरी राहिलाय, संध्याकाळी बघून सांगतो.

मी म्हटलं, राहू द्या सर. दिवाळखोरीची पाटी दारावर लागल्यावर आत काय काय होतं ते कशाला मोजायचं? मला पाहिजे ते मिळालं.

तेव्हा आपलं उत्तर "नाही" असं. मैंदर्गीला तूच कळव. कारण द्यायची गरज नाही, त्यांना ठाऊक असेल.

मी कुणाला काही बोललेलो नाही. एखाद्या पोराची बदनामी करावी असा माझा स्वभाव नाही, तुला माहीत आहे. काव्याला जेवताना सांगितलं, ती अर्ध्या भाकरीवरून उठली. कॉलेजचे पेपर तपासायचेत म्हणाली. अक्का माझ्याकडं बघत राहिली, मी शेंगाचटणी वाढून घेतली. बाकी घरात शांतता आहे. खरं सांगू का, लई दिवसांनी मला त्या रात्री चांगली झोप लागली.

हां, गुरुशांतच्या कानावर तेवढं घातलं. तो शेजारचा दुकानदार, शिवाय समाजाचा वधूवरांचा ग्रुप तोच चालवतो. गल्लीत पार्टी डळमळली की शेजारच्या दुकानात सांगायचं, ही पण आमची रीत आहे. उद्या कुणाची पोरगी फसली, तर "शिवलिंगप्पाला ठाऊक होतं नि बोलला नाही" असं व्हायला नको. आणि मंजुनाथ टॉवेल न्यायला आला होता, तो मैंदर्गीचाच दुकानदार. त्याच्याकडं चौकशी करताना थोडं बोलण्यात आलं. तेवढंच.

खोट वेळेत सापडली म्हणून सिद्धरामेश्वराला हात जोडणारा,
शिवलिंगप्पा

*

सोलापूर
दि. २५ नोव्हेंबर २०२५

शरणप्पा,

तुला मी धाकटा भाऊ मानत होतो. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला अंधारात ठेवताना तुला काहीच वाटलं नाही?

परवा मैंदर्गीहून पार्वतम्मांचा फोन आला. मी "हॅलो" म्हणायच्या आधी त्या सुरू झाल्या. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट. म्हणाल्या, "तुमी न्हाय म्हनला, त्याचं काय न्हाय. पोरीचा बाप न्हाय म्हनू शकतो. पन माज्या पोरानं खोटं छापलं म्हनून बाजारात सांगितलं कुनी? मंजुनाथच्या दुकानात सगळ्यांच्या म्होरं बोलनं झालं. मी तितं साखर घ्यायला गेलते." मी म्हटलं, अहो, ऐका तर. त्या म्हणाल्या, "तुमची पोरगी सोन्यासारकी असंल की. ज्या घरात माज्या पोराचं नाव असं घेत्यात, तितनं मला सून नको." आणि ठेवला.

फोन आमच्या स्वयंपाकघरात वाजला होता, काव्या तिथंच होती. मी म्हटलं, बघ, उलट्या बोंबा! चोरी पोराची नि राग आमच्यावर. तेव्हा ती उठली. आपली काव्या कधी आवाज चढवत नाही, तुला माहीत आहे. तिनं हातातलं ताट आपटलं.

"तो निबंध चुकलाय हे त्याला कुणी सांगितलं, माहितीय? मी सांगितलं, बाबा."

ती उभ्यानंच बोलत होती. विरेशनं त्या निबंधाबरोबर आपली सगळी माहिती जगासाठी उघडी ठेवली होती, कुणीही घ्यावी नि तपासावी. ती माहिती काव्यानं मागच्या वर्षी पोरांना शिकवायला उतरवून घेतली. शिकवताना तिला दिसलं, मालदांडी म्हणून जे नाव लावलंय, त्यातली अक्षरं मालदांडीशी जुळत नाहीत, दुसऱ्याच वाणाशी जुळतात. कुठंतरी बियाण्याची दोन पाकिटं बदलली होती. दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. पाचशे माणसांनी त्याचा दाखला दिला, आणि एकानं उघडून बघितलं नाही.

तिनं त्याला मेल लिहिला. ओळख ना पाळख. त्यानं उत्तर दिलं, मला वेळ द्या. पुन्हा बी पेरलं, पुन्हा सगळं वाचलं, आणि चार महिन्यांनी लिहिलं, "तुमचं बरोबर आहे." मग स्वतः मासिकाला पत्र पाठवून निबंध मागे घ्यायला लावला. आपल्या पानावरून तो स्वतःच्या हातानं काढला, म्हणून नऊशेचे चारशे झाले. या वर्षीची त्याची बढती अडकली. ज्या कामावर त्याचं नाव झालं होतं, ते काम त्यानं स्वतःच पाडलं.

मी तरी विचारलं, मग बायोडाटात नऊशे का? तर तो आकडा तुला कुणी दिलाच नव्हता! जुन्या पेपरातल्या बातमीवरून आकडा उतरवलास, मुलाला दाखवला सुद्धा नाहीस. वा रे मध्यस्थ! आणि माझ्या प्रश्नाला उत्तर का दिलं नाहीस, ते आता कळलं. उत्तर दिलं असतं तर आकडा जुना का ते सांगावं लागलं असतं, नि त्यातून काव्याचं नि त्याचं आधीपासून बोलणं आहे, हे बाहेर आलं असतं. तिनं तुला सांगितलं, तू स्थळ म्हणून आणलंस, अक्काला पण ठाऊक. सगळ्या घरात मी एकटा बावळट.

कालच्या फोनवर तू मला काय म्हणालास? "दाजी, तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही पोरीचा मोबाईल तपासला असता." आणि फोन स्पीकरवर होता. मागं कुणीतरी हसलं.

काव्यानं शेवटी तिचा मोबाईल माझ्यासमोर धरला. तीच तांबडी पट्टी, त्याच निबंधावरची. "शहाजीसर वाचतो म्हणाले ना? तुम्ही नको म्हणालात. आता मी वाचते." वाचलं, मराठीत सांगितलं. लेखकाच्या विनंतीवरून निबंध मागे घेत आहोत. पाकिटांची अदलाबदल झाली, त्यात कुणाचा हेतू नव्हता. आणि शेवटची ओळ अशी की ही चूक दाखवून दिल्याबद्दल लेखक सोलापूरच्या काव्या शिवलिंगप्पा यांचे आभारी आहेत.

माझं नाव त्यात होतं, शरणप्पा. तिच्या नावाच्या मागं.

मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं? त्यावर ती जे बोलली ते तुला लिहायला नको, पण लिहितो. म्हणाली, "सांगून काय उपयोग? दर वेळी स्थळात खोट सापडली की तुमचा चेहरा उजळतो, बाबा. मी बघितलंय."

तुझी अक्का गुडघा चोळत बसली होती. ती सुद्धा हळूच म्हणाली, "व्हय."

मी अजूनही म्हणतो, चौकशी करणं हा गुन्हा नाही. बापानं करू नये तर कुणी करावी? आणि तू लपवलंस ते मी विसरणार नाही. पण पार्वतम्मांना काय सांगायचं, ते मला सुचत नाही. तू काही बोलू नकोस. तू त्यातलं आणखी बिघडवशील.

शिवलिंगप्पा

*

सोलापूर
दि. ४ डिसेंबर २०२५

श्रीमती पार्वतम्मा यांना,

शरणु शरणार्थी. तुमची तब्येत बरी असेल. या पत्राचं पाकीट बघून ते न उघडता ठेवून द्यावं असं तुम्हाला वाटलं असेल, आणि तसं वाटणं चुकीचं नाही. मी काव्याचा बाप, चाटी गल्लीतला शिवलिंगप्पा.

फोन करायचा होता. पण मी फोनवर स्वतःची बाजू मांडत सुटतो, म्हणून लिहितोय. लिहिलेलं खोडता येतं. हे तिसऱ्यांदा लिहिलंय.

तुमच्या विरेशनं खोटं छापलं, असं मी बोललो. ते खरं नाही. काम चुकलं होतं. ते कळल्यावर त्यानं स्वतः सांगितलं नि स्वतः मागे घेतलं. त्याला विचारायला मला एक फोन पुरला असता. मी विचारलं नाही, कारण ज्याची चौकशी करायची त्यालाच विचारायचं नाही, अशी आमच्या धंद्याची रीत आहे. माणसाला मी पार्टीसारखं तपासलं. आणि तपासणं तरी कसलं! कारण खाली लिहिलेलं होतं, ते वाचू दिलं नाही. मला जेवढं पाहिजे होतं तेवढ्यावर थांबलो.

जिथं जिथं बोललो होतो तिथं तिथं जाऊन आलो. गुरुशांतच्या दुकानात आधी गेलो. म्हटलं, मैंदर्गीच्या मुलाबद्दल मी सांगितलं ते चुकीचं होतं, ग्रुपवर तसं लिही. तो हसला. म्हणाला, "अप्पा, मुलीचं जमतंय का तिकडं? म्हणून आता गोड बोलता?" मी पुन्हा सांगितलं. त्यानं लिहिलं, पण खाली हसणारं चित्र टाकलं. मी ते काढायला लावलं. मंजुनाथ तर म्हणाला, मी चौघांना सांगितलं, त्यांनी कुणाला सांगितलं मला काय माहीत? त्या चौघांची नावं घेतली. दोघं भेटले. एक मुंबईला गेलाय, त्याला फोन केला. चौथ्यानं ऐकून घेतलं नि म्हणाला, "पण काहीतरी असंलच की, उगाच कोन कशाला बोलंल?"

मीच बोललो होतो, पार्वतम्मा. उगाच.

घरी येऊन काव्याला हे सांगितलं. आठ-दहा दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती, ताट वाढायची नि खोलीत जायची. त्या दिवशी मी विचारलं, विरेशनं निबंध मागे घेतल्यावर लोकांनी दाखले द्यायचं थांबवलं का? तिनं वर बघितलं. म्हणाली, "नाही. परवाच दोघांनी पुन्हा दिला. मागे घेतल्याची नोटीस कुणी वाचतच नाही, एकाचं बघून दुसरा उतरवतो." मी विचारलं, मग तो काय करतो? म्हणाली, "ज्यानं दिला त्याला मेल लिहितो. एकेकाला." किती दिवस लिहिणार? "देत राहतील तोवर."

मी पण तेच करायचं ठरवलंय. तुमच्या गावात किंवा कुठंही कुणी विरेशबद्दल ते बोललं तर त्याचं नाव मला कळवा. मी त्याच्या दारात जाईन. माझं वय चौसष्ट आहे, एसटीचं अर्धं तिकीट मिळायला अजून वर्ष आहे, पण जाईन.

आता दुसरं, जे मी कुणाला लिहिलेलं नाही. शरणप्पालाही नाही.

काव्या म्हणाली की खोट सापडली की माझा चेहरा उजळतो. मी रागावलो, पण आरशासमोर दाढी करताना ते आठवलं नि वस्तरा थांबला. खरं आहे ते. पोरगी जाईल म्हणून मी भितो. दुकानातून आल्यावर मी दिवसभराचं जे बोलतो ते तिच्याशी बोलतो. बायकोशी, शिवम्माशी, माझी भांडणं होतात, बोलणं होत नाही. प्रत्येक स्थळ मोडलं की मनात यायचं, चला, अजून काही महिने. तिला वाटायचं बाप काळजी करतोय. मलाही तसंच वाटायचं. तुमचा मुलगा हैदराबादेत, तुम्ही मैंदर्गीत एकट्या, तुम्हाला हे जास्त सांगावं लागणार नाही.

मी तुमच्याकडं सोयरीक मागत नाही. ते तोंड मला राहिलेलं नाही. नकार तुमचा, तो मला मान्य आहे. एकच मागणं आहे, तो नकार माझ्या नावावर टाका. तिच्या टाकू नका. मी जे केलं त्यात तिचा काडीचा हात नव्हता, उलट तुमच्या मुलाची बाजू या घरात एकट्या तिनं घेतली, तीही ताट आपटून.

रविवारी सकाळच्या एसटीनं ती मैंदर्गीला येते आहे. मी पाठवत नाही. तिनं मला विचारलंही नाही, नुसतं सांगितलं, "रविवारी जाते." मी म्हटलं, मी येऊ का बरोबर? म्हणाली, नको. मी म्हटलं, स्टँडपर्यंत तरी? तेव्हा म्हणाली, स्टँडपर्यंत चालेल. त्यामुळं मी तिला स्टँडपर्यंत सोडेन, गाडी हलली की परत फिरेन. तिथून पुढं ती आणि तुम्ही.

तुम्हाला ती जे सांगेल ते ऐका आणि तुम्हाला जे वाटेल ते तिला सांगा. तिला काय सांगितलंत, ते मी विचारणार नाही. एवढी एक चौकशी मी करणार नाही.

हे पत्र मंजुनाथच्या दुकानात सगळ्यांसमोर वाचून दाखवलंत तरी चालेल. दाखवावं, अशी माझी विनंती आहे.

तुमच्या मुलाविषयी जे खोटं फिरतंय ते पहिल्यांदा बोललेला,
आणि कुणी विचारलं तर ज्याचं नाव घेऊन सांगावं तो,

शिवलिंगप्पा
चाटी गल्ली, सोलापूर